गोणपाट कुठंय

पाचूबंदर, १४ जानेवारी २०२४

रॉबर्ट,

हे अक्षर माझंच आहे. उजव्या हाताची तीन बोटं पेन धरतात, दोन नुसती बघत बसतात. हॉस्पिटलात हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या विनिता मॅडम म्हणाल्या, रबरी चेंडू दाबायचा कंटाळा येत असेल तर रोज चार ओळी लिहा, कुणालाही लिहा. शिव्या घालायला मला कुणीतरी हवंच होतं, आणि भाऊ तू एकच, म्हणून तुला लिहिते. आज एवढंच. हात दुखतो.

शर्लिन

पाचूबंदर, ४ फेब्रुवारी २०२४

रॉबर्ट,

तुझा पत्ता ग्लेनने दिला. त्याचा टेम्पो महिन्यातून एकदा मासळी भरायला रत्नागिरीला जातो आणि तू तिथे मिरकरवाडा बंदरावर कुणाच्या तरी ट्रॉलरवर खलाशी आहेस, हे त्याच्याकडूनच कळलं. फोन नंबर मात्र मागूनही दिला नाही. तू त्याला शपथ घातली आहेस म्हणे. पत्राबद्दल शपथेत काही नव्हतं, म्हणून पत्र.

घरची हकिगत सांगते, तू विचारलेली नसताना. नाताळ उलटल्यावर मला घरी सोडलं. पाच महिने झाले हॉस्पिटलात. डावा गाल, मान, छाती आणि दोन्ही हात. मांडीची कातडी काढून हातांवर लावली आहे, त्यामुळे मांडीवर चौकोन आहेत आणि मनगटावर मांडी. दिवसातले तेवीस तास घट्ट कापडाचे कपडे घालायचे, हाताला, मानेला, चेहऱ्यालाही, म्हणजे नवी कातडी गाठी धरून वर येत नाही. उरलेल्या एका तासात आई खोबरेल तेलाने चोळते. आणि खाज. जखमांना मी रडले नव्हते, खाजेला रडले.

आईने आरसा कपाटात कपड्यांखाली ठेवला होता. तिसऱ्या दिवशी मी तो शोधून काढला आणि तासभर बघत बसले. त्याचं वर्णन तुला कशाला करू, तू बघितलंच आहेस. नवव्या दिवशी तू हॉस्पिटलात आलास, पडदा सरकवलास, आणि बाहेर जाऊन ओकलास. पट्ट्यांमधून माझा एक डोळा उघडा होता रॉबर्ट, आणि कानांना काही झालेलं नव्हतं. त्यानंतर तू आजवर दिसला नाहीस.

इथे लोक सांगतात ते असं. जुलैत नाव पाण्यात सोडायच्या आधी आपण दोघं किनाऱ्यावर राळ आणि तेल उकळत होतो, बुडाला चोपडायला. पपा फळ्यांच्या सांध्यांत भरायचा कापूस आणायला घरी गेले होते. डबा जास्त तापला आणि वरचं तेल पेटलं. पेटलेल्या राळेवर ओलं गोणपाट टाकून ती गुदमरवायची असते, पाणी कधीच ओतायचं नसतं. बादली शेजारी ठेवतात ती गोणपाट भिजवायला. हे आपल्याकडे पोरांना पोहण्याआधी शिकवतात. आणि तू बादली डब्यात उलटी केलीस. डबा उसळला आणि सगळा माझ्यावर आला.

मला यातलं काही आठवत नाही. सगळ्यांना मी तेच सांगितलं आहे. आई म्हणते, ही देवाची कृपा.

पपा तुझं नाव घेत नाहीत. मला अँब्युलन्समध्ये घालत होते तेव्हाच त्यांनी सगळ्या बंदरासमोर तुझ्या कानाखाली मारली आणि "माज्या दारात पाय ठेवू नको" म्हणाले, हे मला पुढे आईने सांगितलं. आपली नाव अर्धी चोपडलेली तशीच किनाऱ्यावर आहे. पपा एकट्याने ती चालवू शकत नाहीत, म्हणून या वयात दुसऱ्याच्या नावेवर खलाशी म्हणून जातात. तू परत आलास तर आपली नाव पाण्यात जाईल, एवढं तुझ्या डोक्यात यावं म्हणून लिहिलं. मला तुझी गरज आहे असं समजू नकोस.

शर्लिन

पाचूबंदर, ३ एप्रिल २०२४

रॉबर्ट,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, माझा व्यायाम होतो.

आता मी स्वतः बटणं लावते. सकाळी एक ब्लाउज घालायला पाऊण तास लागतो आणि आई दाराबाहेर उभी राहून "मी लावते, मी लावते" करते. मी दाराला कडी घालते. परवा तिने खिडकीतून हात घातला.

ईस्टरच्या मिस्सेला गेले होते. आठ महिन्यांनी प्रथम देवळात. ओढणी डोळ्यांपर्यंत घेतली होती. पहिल्या बाकावर माझ्यासाठी जागा राखून ठेवली होती, जिथे पूर्वी आपल्याला कुणी टेकू दिलं नसतं. प्रवचनात फादर क्षमेबद्दल बोलले आणि बोलता बोलता माझ्याकडे हात केला. आपल्यातल्याच एका बहिणीने एवढं सोसलं, पण भावाबद्दल तिच्या तोंडून एक वाईट शब्द निघाला नाही, म्हणाले. बायका डोळे पुसायला लागल्या. मिस्सा संपल्यावर दोघीतिघींनी माझ्या हाताचं चुंबन घेतलं. हातमोज्यावरून.

मला वाटलं होतं की बरं वाटेल. वाटलं नाही. घरी येऊन मी आईवर खेकसले, जेवले नाही आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. डोळे मिटले की तूच समोर. बादली उचलून तू माझ्याकडे बघत उभा आहेस, टाकत नाहीस, नुसता बघतोयस. म्हणजे असशील. मला काय माहीत.

आता त्या पहिल्या बाकावर मी बसणार नाही. मागे दाराजवळ उभी राहीन. सोसलं म्हणून कुणी संत होत नाही रॉबर्ट, आणि मी तर मुळीच नाही.

शर्लिन

पाचूबंदर, २४ जुलै २०२४

रॉबर्ट,

आज वर्ष झालं. तुलाही तारीख आठवत असेल.

जूनमध्ये मानेचं ऑपरेशन झालं. हनुवटी छातीला चिकटायला आली होती, ती सोडवली. आता मी वर बघू शकते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा छत दिसलं तेव्हा त्यावर कोळिष्टकं होती आणि मी नर्सला ती काढायला लावली.

गेल्या आठवड्यापासून किनाऱ्यावर सगळ्यांची राळ उकळते आहे. पहिल्या दिवशी तो वास घरात आला आणि मी मोरीत जाऊन बसले, कानावर हात ठेवून, जसा काही तो वास कानातून येतो. दुपारपर्यंत बाहेर आले नाही. आई दार वाजवत होती. मला स्वतःचा इतका राग आला की दुसऱ्या दिवशी आपणहून उठून किनाऱ्यावर गेले. कुणाची तरी भट्टी पेटली होती. तिच्यापासून शंभर पावलांवर उभी राहिले आणि बराच वेळ हलले नाही. परवा ऐंशी पावलं. काल साठ. आज चाळीस. कुणी मला करायला सांगितलेलं नाही. विनिता मॅडमना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, घाई करू नका. मी म्हटलं, मॅडम, एक ऑगस्टला नावा समुद्रात जातील, मग मला पुढच्या वर्षीपर्यंत भट्टी कुठून मिळणार.

चाळीस पावलांवरून आपली नावही दिसते. तिच्या सावलीत कुत्री झोपतात.

पपा मला तिथे उभी बघतात, दुरूनच. आज मात्र शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, तुला कायच आठवत नाय ते बरं हाय." मी हो म्हटलं. मग त्यांच्याकडे बघवेना म्हणून घरी आले.

तू ये. आता रागाने म्हणत नाही.

शर्लिन

पाचूबंदर, १७ नोव्हेंबर २०२४

रॉबर्ट,

मी पुन्हा मासळी विकायला बसते. बोळिंजला, आपल्या जुन्याच जागी, बिल्डिंगांच्या गेटासमोर. आई म्हणत होती, "तू घरी बस, मी हाय ना." मी म्हटलं, तू आहेस म्हणून काय मी मेले? त्यावर तिने टोपली उचलून दिली.

ओढणी पहिल्याच दिवशी सोडावी लागली. दोन्ही हात मासळीत असताना ती सावरणार कोण. चेहऱ्यावर घट्ट कापड आणि त्यातून डोळे-तोंड, अशी बसले. मला भीती होती की गिऱ्हाईक येणारच नाही. झालं उलटंच. रांग लागली. आणि रॉबर्ट, त्या रांगेतलं एकही माणूस माझ्याशी भांडलं नाही.

सात नंबरच्या बिल्डिंगमधल्या विनयाताई तुला आठवतील. पापलेटाचा कल्ला उघडून नाक लावणार, हा बारीक, तो मऊ, कालचा तर नाही ना, आणि भाव अर्ध्यावर आणल्याशिवाय पाऊल उचलणार नाहीत. त्यांच्याशी भांडून घरी आलं की मला दोन भाकऱ्या जास्त लागायच्या. त्या आल्या, माझ्याकडे न बघता पिशवी पुढे केली, मी सांगितला तो भाव दिला आणि निघाल्या. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुप्पट सांगितला. तोही दिला. मला कुणी तोंडावर थुंकलं असतं तर एवढं लागलं नसतं.

तिसऱ्या दिवशी त्या वळल्या तशी मी उठून मागे गेले. म्हटलं, "ताई, ती मासळी कालची आहे. आणि भाव मी दुप्पट लावलाय. काल पण लावला होता."

त्या थांबल्या. "मग विकलीस कशाला मला?"

"तुम्ही घेतली कशाला? कल्ला बघायचा ना. आधी कधी सोडलायत का?"

त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, आता ही बाई रडणार आणि सगळं मुसळ केरात. पण त्यांनी पिशवी माझ्या टोपलीत उलटी केली आणि म्हणाल्या, "शर्लिन, मी तुझ्यावर दया केली आणि तू मला शिळे मासे खायला घातलेस, म्हणजे तू काय कमी नाहीस." मग आम्ही जे भांडलो, वॉचमन उठून आला. शेवटी त्यांनी ताजा रावस नेला, तोही अगदी त्यांच्या भावाने. मला इतकं बरं वाटलं की येताना रिक्षात मी गाणं म्हटलं.

पण घरी आल्यावर एक विचार आला तो अजून जात नाही. लोक माझ्यावर दया करतात ती माझ्या चेहऱ्यामुळे तर आहेच. पण अर्धी दया यासाठी आहे की हे मला दुसऱ्या कुणीतरी केलं. ती अर्धी मला परत करता येत नाही. यावर पुढे लिहीन. आज नको.

शर्लिन

पाचूबंदर, १३ जानेवारी २०२५

रॉबी,

हॉस्पिटलात महिन्यातून एकदा भाजलेल्यांची बैठक असते. आम्ही गोल बसतो आणि विनिता मॅडम चहा देतात. तिथे चांदीपचा भूपेश म्हणून एक जण येतो. वायरमन होता. डावा हात कोपरापासून गेला, एक कान गेला. सारखा चेष्टा करत असतो. म्हणतो, बायको रागावली की मी तो कान तिच्याकडे करतो.

आम्हा सगळ्यांचा एकमेकांना विचारायचा एक प्रश्न असतो, तो बाहेरच्यांना कळणार नाही. "तुझं कुणी केलं?" प्रत्येकाचं कुणीतरी असतं. कुणाचा नवरा, कुणाचा मालक, कुणाचा गॅसवाला. शनिवारी भूपेशने मला विचारलं. मी नेहमीचं सांगितलं. भाऊ होता, चुकून झालं, मला काही आठवत नाही. मग मी त्याला विचारलं.

"माझं मीच," तो म्हणाला. "मेन स्विच बंद केला म्हणून साहेबाला सांगितलं होतं. केला नव्हता. कोण परत खाली उतरणार." आणि चहा पीत राहिला.

मी म्हटलं, हे तू सगळ्यांना सांगतोस? तो म्हणाला, "आधी नव्हतो सांगत. दोन वर्षं हेल्परचं नाव घेत होतो. हात गेला तो गेला, वर ते पोरगं दिसलं की मला वाट बदलायला लागायची."

मी बैठकीतून उठून आले. दोन दिवस झाले. आता लिहिते, आणि एका दमात लिहिते, थांबले तर होणार नाही.

मला सगळं आठवतं. पहिल्या दिवसापासून आठवतं.

पपा जाताना म्हणाले होते, "गोनपाट बादलीजवल ठेव." मी हो म्हटलं. वाळू ओली होती म्हणून मी तेच गोणपाट खाली घेऊन बसले होते. डबा पेटला तेव्हा मी उठले ती घाबरून चार पावलं मागे गेले आणि गोणपाट कुठे आहे हेच मला सुचेना. तू बादली उचललीस आणि विचारलंस, "बाय, गोणपाट कुठंय?" मी बोलले नाही. तू पुन्हा विचारलंस. मी ओरडले, "पाणी टाक." तू नाही म्हणून मान हलवलीस. तुला माहीत होतं. मी म्हटलं, "टाक म्हणते ना मुडद्या, टाक." आणि तू टाकलंस. लहानपणापासून मी तुझ्यावर ओरडायचं आणि तू ऐकायचं, तेवढंच आपल्याला येत होतं.

मला शुद्ध आली तेव्हा घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. नळी निघाली तोवर आई सगळ्या वॉर्डाला सांगून बसली होती की रॉबर्टने माझी पोर जाळली. मग पोलीस आला जबाब घ्यायला. मी म्हटलं, आठवत नाही. वाटलं होतं, दोन दिवसांनी सांगू. एवढं जळल्यावर वर चूकही माझीच, हे मला पेलवत नव्हतं, रॉबी. माझ्याकडे तेवढं एकच उरलं होतं, की माझी चूक नव्हती. ते मी तुझ्या नावावर घेतलं.

आणि तू पपांचा मार खाल्लास, घर सोडलंस, पण कुणाला सांगितलं नाहीस की बायने टाकायला लावलं. कशाला गप्प बसलास? मी मरेन असं वाटलं म्हणून?

आता तुला कळलं. आता तरी ये.

तुझी बाय

पाचूबंदरहून मिरकरवाड्याला, ग्लेनच्या हाती
६ मे २०२५

रॉबी,

हे पत्र तू वाचत नाहीस. ग्लेन वाचतोय. ग्लेन, घसा साफ कर. सगळे खलाशी जेवायला बसलेले असतील तेव्हाच वाचायचं आहे, एकट्याला गाठून कानात नाही. रॉबी उठून गेला तर मागे मागे चालत वाच. तुझा आवाज पाचूबंदरहून वसई किल्ल्यापर्यंत जातो, त्याचा आज एकदाचा उपयोग होऊ दे.

गेल्या महिन्यात ग्लेनचा टेम्पो रत्नागिरीत बिघडला आणि तो तुझ्या खोलीवर झोपला. तिथे त्याने तुझी पेटी बघितली. परत आल्यावर मला खूश करायला सांगायला आला. "तुजी सगली पत्रं त्यानं जपून ठेवलीत गो. जाल्याच्या दोरीनं बांधून." मी विचारलं, उघडलेली? तो म्हणाला, "नाय. पाकिटं जशीच्या तशी हायत."

मी त्याच्यासमोर हसले. तो गेल्यावर ओट्यावर बसून राहिले. म्हणजे जानेवारीत मी जे लिहिलं ते मी एका पाकिटाला सांगितलं. तीन महिने मी हलकी होऊन हिंडत होते. विनयाताईंशी भांडत होते, भूपेशच्या विनोदांना हसत होते, किती धाडस केलं म्हणून स्वतःवर खूश होते. आणि तू तिकडे होतास तिथेच. माझ्या कबुलीला काही किंमत पडली नव्हती, म्हणून ती मला इतकी सोपी गेली.

तू ती का उघडली नाहीस ते मला कळतं. आत शिव्या असतील असं वाटलं असणार. पहिल्या दोनतीनांत आहेतही.

मग मी पपांकडे गेले. ते ओसरीवर जाळं सांधत होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, जसं झालं तसं. ते जाळं सांधत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग त्यांनी विचारलं, "गोनपाट कुटं होता?"

"माझ्याखाली."

त्यांनी सुई खाली ठेवली. "मी त्याला सगल्यांसमोर मारलं," म्हणाले. एवढंच. उठून किनाऱ्यावर गेले आणि दिवे लागेपर्यंत आले नाहीत.

आई वाईट भडकली. पावणेदोन वर्षं देवासमोर बसून पोटच्या पोराला शिव्या दिल्या त्या तू द्यायला लावल्यास, म्हणाली, आणि ते खरं आहे. चार दिवस तिने माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या मानेला तेलही लावलं नाही. मी आरशासमोर बसून स्वतः लावायला शिकले. पाचव्या दिवशी ती आली, बाटली हातातून ओढून घेतली आणि इतकं जोरात चोळलं की मी ओरडले. म्हणाली, "वरड. तुला वरडायची सवयच हाय."

फादरांकडेही जाऊन आले. त्यांना म्हटलं, प्रवचनात माझं उदाहरण पुन्हा देऊ नका. कारण विचारलं, तेही सांगितलं. ते म्हणाले, आता तर द्यावंसं वाटतंय. मी म्हटलं, तरी नको.

आता ऐक. ग्लेन, इथून पुढे सावकाश आणि मोठ्याने.

पाणी टाकायला रॉबर्टला मी सांगितलं. त्याने दोनदा गोणपाट मागितलं आणि नाही म्हणून मान हलवली. गोणपाट मी बूड टेकायला घेतलं होतं. मी त्याच्यावर ओरडले म्हणून त्याने टाकलं. मला ते पहिल्यापासून आठवत होतं आणि मी आठवत नाही म्हणाले. तो निघून गेला तो माझ्या खोट्यामुळे.

ग्लेन, तू थांबलास ना? तुला हे माहीत नव्हतं. परत आल्यावर बंदरात सगळ्यांना सांग. सांगू नकोस म्हटलं असतं तरी सांगितलंच असतंस, तर आता माझ्या परवानगीने सांग. आणि नीट सांग, मीठमसाला नको. पुढे वाच.

रॉबी, तू मला क्षमा कर असं मी मागत नाही. ते तुझं तू ठरव, आणि दहा वर्षं लागली तरी लाव. मला तू घरी हवा आहेस. नावेसाठी नाही. पपांनी कालपासून तिचं बूड खरवडायला घेतलं आहे, कुणाला काही न सांगता, पण त्यासाठीही नाही. माझा भाऊ मी घालवला आणि तो मला परत आणायचा आहे, बस.

पपा म्हणाले, मी जातो त्याला आणायला. मी म्हटलं, नाही, पहिली पाळी माझी आहे, तुमची नंतर. त्यांनी ऐकलं. आजकाल माझं ऐकतात.

तर मी शनिवारी येते. वसईहून कोकणात जाणारी सकाळची गाडी धरते, दुपारी रत्नागिरी. स्टेशनवरून रिक्षाने बंदरावर. मी एकटी इतक्या लांब कधी आले नाही, भाजायच्या आधीही नाही. डॉक्टरांनी चेहऱ्यावरचं कापड गेल्या महिन्यात काढायला सांगितलं, आता तिथे फक्त मी आहे. आधीपेक्षा बरं दिसतं असं आई म्हणते. आई आहे ती. ओढणी घेऊन येणार नाही. तू एकदा मला बघून पळालास, आणि तो चेहरा तू केलास असं समजून पळालास. या वेळी तू केलेला नाही हे ठाऊक असताना बघ. ओकावंसं वाटलं तर ओक, मला काही वाटणार नाही. तोंड धुऊन परत ये.

मी घाबरलेली आहे. गाडीत समोर कोण बसेल, काय विचारेल, तुझे खलाशी काय म्हणतील, तू मागच्या दाराने निघून जाशील का. रात्री झोप येत नाही. तरी तिकीट काढलेलं आहे. मासेमारीची बंदी लागायला तीन आठवडे आहेत, तुझ्या मालकाला सुट्टीसाठी हवं ते कारण सांग. नाही आलास माझ्याबरोबर तर मी पुढच्या शनिवारी पुन्हा येईन. त्याच्या पुढच्याही. माझा बोळिंजचा धंदा आई बघेल आणि विनयाताई तिला लुटतील, त्याचं पाप तुझ्या माथी.

शनिवारी दुपारी जेटीवर लिलावाची गर्दी असते, ग्लेन सांगतो. त्या गर्दीत मला शोधू नकोस. ज्या बाजूला सगळे वळून बघत असतील त्या बाजूला बघ. तिकडून मी चालत येत असेन.

तुझी बाय,
शर्लिन